शब्दांची मोजदाद आणि अर्थांचा हिशेब

परकी भाषा शिकूं लागलेला मनुष्य पहिला प्रश्न विचारतो तो हा, कीं किती शब्द पाठ केले म्हणजे काम भागेल ? प्रश्न साधा आहे आणि व्यवहारीही आहे. ज्या ज्या घरांत मुलांच्या इंग्रजीची काळजी वाहिली जाते, त्या त्या घरांत तो केव्हां ना केव्हां निघतोच. या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कित्येक विद्वानांनीं आयुष्याचीं वर्षें वेंचलीं. कोणी अमेरिकेंत, कोणी केंब्रिजला, कोणी टोकियोंत, तर कोणी त्या वेळच्या बंगाल इलाख्यांत, ढाक्यास बसून शब्द मोजले, निवडले आणि पारखले. त्यांच्या उद्योगाची हकीकत मनोरंजक आहे आणि उपयुक्तही आहे. कारण शेवटीं त्यांना असें आढळून आलें कीं शब्द किती, एवढेंच विचारून भागत नाहीं. एकेका शब्दाचे अर्थ किती, आणि त्यांतला पहिल्यानें शिकावयाचा कोणता, हेंही विचारावें लागतें. श्रोतेहो, या शोधाचा इतिहास आज आपल्यापुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

आपल्या देशांत इंग्रजी शिक्षणाला आरंभ झाला तेव्हां भाषा म्हणजे शब्दांचा सांठा, अशीच लोकांची समजूत होती. कलकत्त्यास १८१७ सालीं हिंदु कॉलेज निघालें. त्याच्या आगेंमागें जी मंडळी इंग्रजी शिकली, त्यांच्या अभ्यासाच्या आठवणी बंगाली लेखकांनीं लिहून ठेवल्या आहेत. व्याकरणाची आणि वाक्यरचनेची फिकीर फारशी कोणी करीत नसे. इंग्रजी शब्द आणि त्याचा बंगाली अर्थ अशा जोड्या यमकांत गुंफलेल्या असत आणि मुलें त्या तालावर म्हणत. भोपळा, काकडी, नांगऱ्या आणि तत्त्वज्ञ हे सर्व तेथें एकाच पंक्तीला बसलेले असत. ज्याला जितके शब्द अधिक येत, तितका तो मोठा इंग्रजी पंडित. आणि ज्यानें सबंध कोश मुखोद्गत केला, त्याच्याकडे तर लोक आश्चर्यानें पाहत.

कोश पाठ करणें ही गोष्ट आपल्याकडे नवी नव्हती. अमरकोशाची संथा पिढ्यान् पिढ्या चालत आलेली होती. परंतु अमरसिंहाची दृष्टि या नव्या पाठकांपेक्षां अधिक सूक्ष्म होती. एका अर्थाचे अनेक शब्द सांगून तो थांबला नाहीं. तिसऱ्या कांडांत त्यानें नानार्थवर्ग म्हणून एक निराळा वर्ग केला, आणि एकाच शब्दाचे अनेक अर्थ तेथें एकत्र दिले. शब्दाला शब्दाची जोडी लावून दिली कीं काम संपलें, असें तो मानीत नव्हता. इंग्रजी शिकतांना नेमका हाच वर्ग आपण विसरलों.

या विसरण्याची किंमत किती पडते, हें समजण्यासाठीं इंग्रजीपेक्षां मराठीचेंच उदाहरण घेणें बरें. कारण आपल्या भाषेंतली अडचण आपणांस दिसत नाहीं, ती परक्याला दिसते. मोल्सवर्थ साहेबांनीं जॉर्ज व टॉमस कँडी या बंधूंच्या आणि महाराष्ट्रांतील शास्त्रीमंडळींच्या साह्यानें आपला मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं प्रसिद्ध केला. १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत त्यांतील शब्दसंख्या साठ हजारांच्या घरांत गेली. त्या काळीं मराठी शिकूं पाहणाऱ्या इंग्रज अंमलदाराची कल्पना करा. त्याला भूक लागते, घराला आग लागते, पायाला ठेंच लागते, थकल्यावर डोळा लागतो, शिपायाला नोकरी लागते, खटल्याचा निकाल लागतो, चोराचा पत्ता लागतो, गलबत किनाऱ्याला लागतें, आणि हें सर्व शिकतां शिकतां त्याला वेड लागूं लागतें ! या प्रत्येक ठिकाणीं त्याच्या भाषेंत निराळा शब्द हवा. 'उत्प्रेक्षा' किंवा 'खग्रास' हे शब्द त्याला एकदां समजावून दिले कीं झालें. ते पुन्हां त्रास देत नाहींत. 'लागणें' मात्र वर्षानुवर्षें त्याची पाठ सोडीत नाहीं. अवघड दिसणारा शब्द सोपा निघावा आणि सोपा दिसणारा अवघड ठरावा, हा चमत्कार प्रत्येक भाषेंत आहे.

असे अर्थ एका शब्दापाशीं जमतात तरी कसे ? इंग्रजींतला 'स्प्रिंग' हा शब्द पाहूं. त्याचा मूळ अर्थ उसळणें, उडी घेणें. जमिनींतून पाणी उसळतें म्हणून झरा तो स्प्रिंग. ज्या ऋतूंत झाडांना पालवी उसळून येते तो वसंतही स्प्रिंग. आणि दाबून सोडली असतां जी उसळून पूर्ववत् होते, ती तारेची गुंडाळीही स्प्रिंगच. मूळ कल्पना हातीं आली म्हणजे हे तीन अर्थ तीन परके राहत नाहींत, एका घरचीं भावंडें होतात. आपणही असेंच केलें आहे. घड्याळांतल्या स्प्रिंगेला आपण 'कमान' म्हणालों. आणि कमान म्हणजे धनुष्य, तशीच दरवाज्यावरची अर्धवर्तुळाकृति बांधणीही.

दुसरा शब्द 'बोर्ड'. तो तर आपल्या घरांतलाच होऊन बसला आहे. बोर्ड म्हणजे मूळ लांकडी फळी. फळीचें मेज झालें. मेजावर अन्न मांडतात म्हणून बोर्ड म्हणजे रोजचें जेवणखाण झालें. मेजाभोंवतीं बसून कारभार पाहणारी मंडळी तीही बोर्ड झाली. मराठीनें हा शब्द एकदम उचलला नाहीं. एकेक अर्थ एकेका वाटेनें आला. दुकानावरची पाटी तो बोर्ड, वर्गांतला फळा तोही बोर्ड. सरकारी कारभाराबरोबर लोकल बोर्ड आलें, आणि परीक्षांबरोबर परीक्षेचें बोर्ड आलें. जेवणखाणाचा अर्थ 'बोर्डिंग' या शब्दांतून आला; शाहू महाराजांच्या प्रेरणेनें कोल्हापुरांत १९०१ सालीं मराठा विद्यार्थ्यांसाठीं बोर्डिंग निघालें, आणि पुढें खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या तोंडीं तो शब्द वसतिगृह या अर्थानें रुळला. फळीचा, जेवणाचा आणि वसतिगृहाचा कांहीं संबंध असेल, हें त्या मुलांना कोणी सांगितलें नाहीं. आणि सांगितलें नाहीं म्हणून त्यांचें अडलेंही नाहीं. ज्या प्रसंगीं जो अर्थ हवा, तो त्या प्रसंगानेंच शिकवला. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडेल.

इंग्रजी शब्दांच्या अर्थांची पहिली खरीखुरी झडती ऑक्सफर्डच्या महाकोशानें घेतली. त्याचा पहिला भाग १८८४ सालीं बाहेर पडला आणि शेवटचा १९२८ सालीं. मुख्य संपादक जेम्स मरी हे १९१५ सालींच निवर्तले. काम पुरें झालेलें पाहण्याचें त्यांच्या नशिबीं नव्हतें. चार लाख चौदा हजारांवर शब्दांच्या या कोशांत प्रत्येक अर्थ केव्हां उत्पन्न झाला व कसा बदलत गेला, हें कालक्रमानें उतारे देऊन दाखविलें आहे. एवढ्या प्रचंड संग्रहांत सर्वांत अधिक जागा कोणत्या शब्दानें अडविली ? एखाद्या शास्त्रीय किंवा लॅटिन शब्दानें नव्हे. 'सेट' या तीन अक्षरी क्रियापदानें. १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत त्याचे चारशें तीसांवर अर्थ नोंदले गेले. नव्या आवृत्तीचें काम चालू असतां 'रन' या शब्दानें त्याला मागें टाकलें. त्याचे अर्थ सहाशेंच्या वर भरले. हे दोन्ही शब्द इंग्रज मूल शाळेंत जाण्यापूर्वींच बोलतें.

तिकडे कोशकार अर्थ गोळा करीत होते, तेव्हां इकडे दुसरी एक मंडळी शब्दांची मोजदाद करीत होती. जर्मनींत केडिंग नांवाच्या गृहस्थानें लघुलेखनाच्या सोयीसाठीं सुमारें एक कोटि दहा लाख शब्दांचा मजकूर मोजविला, आणि कोणता शब्द किती वेळां येतो याचा कोश १८९८ च्या सुमारास प्रसिद्ध केला. अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनीं १९२१ सालीं शिक्षकांसाठीं दहा हजार इंग्रजी शब्दांची अशीच यादी दिली. १९३१ सालीं ती वीस हजारांची आणि १९४४ सालीं, आर्व्हिंग लॉर्ज यांच्या साह्यानें, तीस हजारांची झाली. पाठ्यपुस्तकांच्या लेखकांना तराजू मिळाला. कोणता शब्द रोजच्या वापराचा आणि कोणता क्वचित् येणारा, हें आतां अंदाजानें सांगण्याची गरज उरली नाहीं.

परंतु हा तराजू शब्दाचें रूप तोलीत होता, अर्थ तोलीत नव्हता. 'बँक' हा शब्द शंभरदां आला असें यादी सांगे. त्यांतून नदीच्या कांठीं किती वेळां आला आणि पैशाच्या पेढीवर किती वेळां आला, हें ती सांगत नसे. शिकणाऱ्याला मात्र नदीकांठ एक आणि पेढी दुसरी, असे दोन शब्द शिकावे लागतात.

या प्रश्नाची खरी धग लागली ती मायकेल वेस्ट यांना. ते १९१२ सालीं हिंदी शिक्षणखात्यांत दाखल झाले आणि पुढें ढाक्याच्या अध्यापक विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले. बंगालच्या शाळांतली मुलें वर्षेंच्या वर्षें इंग्रजी शिकतात, पण त्यांतलीं फारच थोडीं शेवटपर्यंत टिकतात, हें त्यांनीं पाहिलें. बहुतेकांचें शिक्षण मध्येंच सुटे. कोणाची गरिबी आड येई, कोणाला शेतावर नाहीं तर दुकानावर जावें लागे. दोन-चार वर्षें घोकलेल्या इंग्रजीचें अशा मुलाच्या हातीं काय उरतें ? वेस्ट यांनीं १९२६ सालीं बंगालमधील द्विभाषिकत्वावर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत या प्रश्नाला त्यांनीं विम्याच्या धंद्यांतला एक शब्द लावला : 'सरेंडर व्हॅल्यू'. विम्याची पॉलिसी मुदतीपूर्वीं सोडून दिली तर जी रक्कम पदरांत पडते, ती सरेंडर व्हॅल्यू. शिक्षणालाही अशी किंमत असली पाहिजे, असें त्यांचें म्हणणें. जें शिक्षण शेवटच्या पायरीवर पोंचलेल्यालाच फळ देतें आणि मधल्या पायरीवरून उतरलेल्याला रित्या हातानें घरीं पाठवितें, तें बहुसंख्य मुलांच्या बाबतींत फुकट गेलें असेंच म्हटलें पाहिजे.

शब्दांची निवड ही वेस्ट यांच्या दृष्टीनें केवळ पंडितांची करमणूक नव्हती. ती या मुलांची शिदोरी होती. चालू वाचनमालांत त्यांना असें दिसलें कीं पानोपानीं नवे शब्द कोसळतात, त्यांतले पुष्कळसे पुस्तकी आणि दुर्मिळ असतात, आणि एकदां आलेला शब्द पुन्हां भेटतोच असें नाहीं. त्यांनीं क्वचित् येणारे शब्द काढून त्यांच्या जागीं रोजचे शब्द घातले, नवा शब्द बेताबेतानें आणला, आणि आणलेला शब्द वारंवार फिरवून भेटेल अशी व्यवस्था केली. त्यांच्या 'न्यू मेथड' वाचनमालेचा जन्म असा झाला. १९३५ सालीं एंडिकॉट यांच्या सहकार्यानें त्यांनीं एक कोश तयार केला. त्यांत सुमारें चोवीस हजार शब्द व वाक्प्रचार अवघ्या १४९० सोप्या शब्दांच्या आधारानें समजावून दिले आहेत. अर्थ सांगणारा शब्द मूळ शब्दापेक्षां कठीण असूं नये, ही साधी गोष्ट त्यापूर्वीं कोशकारांना फारशी सुचली नव्हती.

याच सुमारास केंब्रिजचे सी. के. ऑग्डेन यांनीं त्याहून धाडसी योजना पुढें मांडली. आय. ए. रिचर्ड्स यांच्याबरोबर त्यांनीं १९२३ सालीं अर्थ म्हणजे काय, या विषयावर एक गाजलेला ग्रंथ लिहिला होता. त्या विचारांतून १९३० सालीं 'बेसिक इंग्लिश' निघालें. सगळें मिळून शब्द ८५० : सहाशें वस्तूंचीं नांवें, दीडशें गुणवाचक, आणि वाक्य चालविणारे शंभर. त्या शंभरांत क्रियापदें अवघीं अठरा ! सारी भाषा एका कागदाच्या एका बाजूस मावे. आंत शिरणें याला 'गो इन', चढणें याला 'गो अप', दिवा विझविणें याला 'पुट आउट'. अशा तऱ्हेनें थोड्या क्रियापदांना अव्ययें जोडून हजारों क्रियापदांचें काम भागवावयाचें, ही त्यांतली युक्ति.

या योजनेनें मोठमोठ्यांना मोहिनी घातली. पंडित जवाहरलाल नेहरू यांनीं १९३७ सालीं भाषेच्या प्रश्नावर पुस्तिका लिहिली, तींत याच नमुन्यावर सुमारें हजार शब्दांची 'बेसिक हिंदुस्तानी' तयार करावी, अशी सूचना केली. चर्चिल यांनीं १९४३ च्या सप्टेंबरांत हार्वर्ड विद्यापीठांतील भाषणांत बेसिक इंग्लिशचा जाहीर पुरस्कार केला. रूझवेल्ट यांना मात्र विनोद आवरला नाहीं. रक्त, श्रम, अश्रू आणि घाम यांवांचून देण्यासारखें आपणांपाशीं कांहीं नाहीं, हे चर्चिल यांचे १९४० सालचे उद्गार जगप्रसिद्ध होते. अश्रू आणि घाम हे शब्द तर ऑग्डेन यांच्या यादींत नाहींत. तेव्हां बिचाऱ्या चर्चिलना 'डोळ्याचें पाणी' आणि 'तोंडाचें पाणी' असें म्हणावें लागलें असतें, अशी रूझवेल्ट यांनीं थट्टा केली. मराठी माणसाला डोळ्यांतलें पाणी लगेच कळतें. पण तोंडाच्या पाण्यानें त्याच्या डोळ्यांपुढें घाम न येतां ताटांतलें पक्वान्न येईल. थोड्या शब्दांत भागविण्याची अडचण या एका थट्टेंत पुरी सांगितली गेली आहे.

वेस्ट आणि त्यांचे सहकारी यांनीं १९३४ सालीं बेसिकची कसून परीक्षा केली. त्यांचा मुख्य आक्षेप असा, कीं शब्द ८५० म्हणतां खरे, पण शिकणाऱ्याच्या डोक्यावर ओझें किती पडतें ? एका 'पुट'ला अव्यय जोडलें कीं पुढें ढकलणें. दुसरें जोडलें कीं विझविणें. तिसरें जोडलें कीं अंगावर घालणें. 'गिव्ह' म्हणजे देणें आणि 'अप' म्हणजे वर. परंतु 'गिव्ह अप' म्हणजे वर देणें नव्हे, सोडून देणें. इंग्रजाला हें सहज वाटतें, कारण तें त्याचें 'लागणें' आहे. ढाक्याच्या किंवा पुण्याच्या मुलाला मात्र प्रत्येक जोडी नव्या शब्दासारखीच शिकावी लागते. पुढें फ्राइज आणि ट्रेव्हर या अमेरिकन अभ्यासकांनीं ऑक्सफर्डचा कोश उघडून हिशेब केला, तेव्हां या ८५० शब्दांच्या पोटांत बारा हजारांहून अधिक अर्थ निघाले. सगळेच शिकावे लागत नाहींत, हें कबूल. तरीही यादी एका पानांत मावली म्हणून भाषा एका पानांत मावत नाहीं.

या वादांतून एक चांगली गोष्ट निष्पन्न झाली. वेस्ट, थॉर्नडाइक, चीन आणि जपान येथील इंग्रजी शिक्षणाचा अनुभव असलेले फॉसेट, आणि टोकियोंत जपानच्या शिक्षणखात्याचे सल्लागार असलेले हॅरोल्ड पामर हे कार्नेगी निधीच्या साह्यानें १९३४ सालीं न्यूयॉर्क येथें एकत्र बसले. नुसत्या वारंवारतेवर भिस्त ठेवावयाची नाहीं, शब्द शिकावयास किती सोपा, किती गरजेचा आणि किती ठिकाणीं चालणारा, हेंही पाहावयाचें, असें ठरलें. त्यांचा अहवाल १९३६ सालीं निघाला. दरम्यान लॉर्ज आणि थॉर्नडाइक यांनीं मजकुरांत आलेला प्रत्येक शब्द ऑक्सफर्ड कोशांतल्या कोणत्या अर्थानें आला आहे, हें एकेक करून नोंदविण्याचें प्रचंड काम हातीं घेतलें. या अर्थगणनेचा आधार घेऊन वेस्ट यांनीं १९५३ सालीं सुमारें दोन हजार शब्दांची आपली प्रसिद्ध यादी प्रकाशित केली. तिच्यांत प्रत्येक शब्दापुढें त्याचा कोणता अर्थ शेंकडा किती वेळां येतो, हें दिलें आहे. शब्दांच्या मोजदादींत अर्थांचा हिशेब प्रथमच नीटपणें शिरला.

या हिशेबानें शिक्षकांचा भार पुष्कळ हलका झाला. कोशांत एका शब्दाचे वीस अर्थ दिसले तरी प्रत्यक्ष वापरांत दोन किंवा तीन अर्थच बहुतेक जागा व्यापतात. बाकीचे क्वचित् डोकावतात. ते दोन-तीन पक्के करावे. बाकीच्यांची वाट पाहावी. हार्वर्डचे झिफ यांनीं १९४५ सालीं याच्या जोडीला आणखी एक नियम दाखविला : जो शब्द जितका अधिक वापरांत, तितके त्याचे अर्थ अधिक, आणि हें प्रमाण स्थूलमानानें वारंवारतेच्या वर्गमूळाइतकें भरतें. म्हणजे 'सेट' आणि 'लागणें' हे अपवाद नव्हेत. तेच नियमाचे खरे साक्षीदार. ज्या नाण्याचा व्यवहार अधिक, तें अधिक हातांतून जातें.

हातीं धरून शिकविणारा कोशही याच काळांत तयार झाला. पामर यांचे टोकियोंतले सहकारी ए. एस. हॉर्नबी यांनीं जपानी विद्यार्थ्यांसाठीं केलेला इंग्रजी कोश १९४२ सालीं, युद्ध पेटलेलें असतां, टोकियोंत छापला गेला. १९४८ सालीं तोच ऑक्सफर्डनें आपल्या नांवानें जगापुढें आणला. अर्थ सांगून न थांबतां शब्द कोणत्या वाक्यांत कसा बसतो, हें त्यानें दाखविलें. पुढें यंत्रगणकांचें युग आलें. बर्मिंगहॅम येथें जॉन सिंक्लेअर यांच्या मार्गदर्शनाखालीं प्रत्यक्ष वापरांतल्या मजकुराचा मोठा संग्रह यंत्रांत भरून १९८७ सालीं नवा कोश निघाला, आणि अर्थांचा क्रम व्युत्पत्तीवर न लावतां वापरावर लावण्याची पद्धत त्यानें रूढ केली.

या इतिहासांतून घरोघरच्या विद्यार्थ्यानें घ्यावयाचें तें एवढेंच. वहीच्या एका बाजूस इंग्रजी शब्द आणि दुसऱ्या बाजूस एक मराठी शब्द, ही जोडी झरा आणि वसंत यांसारख्या शब्दांपुढें लंगडी पडते. शब्दाबरोबर वाक्य लिहावें. एका वेळीं एकच अर्थ घ्यावा, तो अनेक प्रसंगीं भेटूं द्यावा. आणि दुसरा अर्थ जेव्हां वाचनांत आपल्या पायानें चालत येईल, तेव्हां पहिल्याशीं त्याचें नातें काय, हें थोडें विचारावें. 'बोर्ड' हा शब्द आपण याच रीतीनें शिकलों आणि त्यासाठीं कोणाला छडी खावी लागली नाहीं. मोठाल्या शब्दांचा हव्यास धरण्यापेक्षां 'टेक', 'गेट', 'पुट' यांसारख्या लहान शब्दांशीं दीर्घ सहवास ठेवावा.

आणि वेस्ट यांचा मूळ प्रश्न ? तो अद्याप सुटलेला नाहीं. महाराष्ट्रांत २००० सालापासून मराठी शाळांतल्या पहिलीच्या मुलालाही इंग्रजी शिकविलें जातें. जीं मुलें पुढें महाविद्यालयांत जातील, त्यांचीं वीस ठिकाणीं दुरुस्ती होईल. त्यांची काळजी करणारे पुष्कळ आहेत. परंतु जें मूल मध्येंच शाळा सोडून कामाला लागेल, त्याच्या वहींत त्या दिवशीं कोणते शब्द असतील ? औषधाच्या बाटलीवरची सूचना, बँकेंतला अर्ज, यंत्रावरची पाटी हीं त्याला वाचतां येतील काय ? कीं भोपळा, काकडी आणि तत्त्वज्ञ यांची यमकबद्ध रांग तेवढी त्याच्या कानांत घुमत राहील ? पाठ्यपुस्तकांत घालावयाच्या प्रत्येक शब्दाला, आणि त्याच्या प्रत्येक अर्थाला, हा प्रश्न विचारून मगच आंत घेतलें पाहिजे. पॉलिसी पुरी करणाऱ्याला तिचें फळ मिळतेंच. ती ज्याला मध्येंच सोडावी लागते, त्याच्या पदरांत काय पडतें, यावरून योजनेची पारख करावी.